मास्तरांच्या घडीचा लिलाव

भात सगळेच तोंडाने खातात. मी तो तोंडाने कमावलाही. गोंदियाच्या धान बाजारात लिलाव पुकारण्यात माझी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही लोक मला सोडत नाहीत. कोणाचा जुना थ्रेशर विकायचा असो, शाळेची मोडकी बाकं असोत, नाहीतर देवीला चढलेल्या साड्या, फोन येतोच : ‘भाऊ, या ना जरा, बोली लावून द्या.’ संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, बाप्पा, मी लिहिणारा नाही, ओरडणारा आहे. ते म्हणाले, ओरडता तसंच लिहा. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी हा लेख मोठ्याने वाचावा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लिलावात जो जास्त ओरडेल त्याची वस्तू. तसं काही नसतं. ओरडतो एकटा पुकारणारा, घेणारे मुकेच असतात. धानाच्या ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात आणि एकमेकांना आपला भाव कळू नये म्हणून नाना सोंगं करतात. एक कान खाजवतो, एक चष्मा वर सरकवतो, एक तर माझ्याकडे बघायचंच बंद करतो आणि तोच त्याचा होकार असतो. हे सगळं एका नजरेत टिपून आकडा पुढे न्यायचा आणि वर शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडेही लक्ष ठेवायचं. मला या वाचनाचा गर्व होता, अजूनही आहे. बायको म्हणते, साऱ्या बाजाराच्या भुवया वाचता, घरातल्या तेवढ्या दिसत नाहीत. तिचंही बरोबर आहे.

या धंद्याच्या पोथ्या नाहीत. जे काही आहे ते दोन गोष्टींत आटोपतं. पहिली गोष्ट, माल माणसाच्या अंगाला लागला पाहिजे. धान असेल तर मूठभर घेणाऱ्याच्या तळहातावर टाका. साडी असेल तर कोणा बाईच्या खांद्यावर उलगडा. छत्री असेल तर उघडून डोक्यावर धरा, ऊन नसलं तरी. टेबलावर पडलेल्या वस्तूला भाव येत नाही, अंगावर दिसली की लोकांना ती आपल्या अंगावर दिसायला लागते.

दुसरी गोष्ट, एका आवाजाचा लिलाव होत नाही. समोर एकच घेणारा असेल तर तो सौदा झाला, लिलाव नाही. सौदा करायचा तर घरात बसून करा, मला कशाला बोलावता? ही अट मी कधी मोडली नाही. एकदा तहसीलच्या आवारात जप्तीतली एक मोटरसायकल होती. घ्यायला एकच पोरगा आला. मी म्हटलं, दुसरा आवाज आण, नाहीतर परत जा. तो गेला आणि आपल्या सासऱ्यालाच घेऊन आला. नुसतं उभं राहून एकदा तोंड उघडायचं, एवढंच म्हाताऱ्याला सांगितलं होतं. म्हाताऱ्याने तोंड उघडलं. जावयाने वर बोली दिली. म्हाताऱ्याच्या डोळ्यात चमक आली आणि त्याने आणखी वर दिली. मग काय विचारता! जावई त्याचा शर्ट ओढून राहिला, ‘मामाजी, बस करा ना, मामाजी’, आणि मामाजींना लिलावाची चव लागलेली. शेवटी गाडी सासऱ्याच्याच नावावर सुटली. चालवता येत नव्हती म्हणून ढकलत घेऊन गेला, जावई मागून बोंबलत. पुढे दोघं बोलले की नाही, मला माहीत नाही.

असे प्रसंग आठवले की अजून हसू येतं. मेलेल्या माणसाच्या वस्तूंचा लिलाव मात्र मला कधीच आवडला नाही. ट्रॅक्टरला मागचा मालक आठवत नाही. चष्म्याला आठवतो. चष्मा हातात घेतला की काड्यांना वाक आलेला असतो, तो कानाचा वाक असतो. असल्या कामाला मी शक्यतो नाही म्हणतो. सिताराम मास्तरांच्या वेळी नाही म्हणता आलं नाही, कारण फोन करणारा त्यांचा स्वतःचा मुलगा होता.

मास्तर म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे पेटीवाले. इकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडारीचा नाच आणि बाजार, रात्री नाटक. ते नाटक उजाडेपर्यंत चालतं, आणि पेटी वाजवणारा त्या रात्रीचा खरा मालक असतो. नट उशिरा आला, परदा अडकला, कोणी संवाद विसरला, तर पेटीवालाच वेळ मारून नेतो. नवेगाव बांधापासून पार प्रतापगडाकडच्या खेड्यांपर्यंत मास्तरांचं नाव. मी मात्र त्यांना वाजवताना शेवटपर्यंत कधी ऐकलं नाही. आमचा बाजार पहाटे उघडतो. नाटकाला गेलो तर दुसऱ्या अंकात घोरायला लागत असे, मग जाणंच सोडलं. हे मुद्दाम सांगतो आहे, पुढे लागणार आहे.

मुलगा, सुधीर, नागपुरात नोकरीला. वडील गेले, तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं की बाबांच्या सगळ्या वस्तू मंडईच्या दिवशी लिलावात काढायच्या आणि त्यातून गावच्या रंगमंचावर टिनाचं छप्पर टाकायचं. हेतू वाईट नव्हता. पत्रकावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलं होतं : ‘मास्तरांची मनगटी घडी.’ आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठचा आधीच निरोप आला होता की घडी मीच घेणार, कितीही जाऊ द्या. त्यांना आपल्या बंगल्यात नाटकवाल्यांच्या वस्तूंचं काचेचं कपाट करायचं होतं.

मंडईच्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या घरी माल बघायला गेलो. सुधीरने सगळं ओसरीत मांडून ठेवलं होतं. पेटी, सत्काराच्या शाली, मफलर, पानाचा डबा, नाटकाला जाताना न्यायची टिनाची ट्रंक. घडी तेवढी दिसली नाही. ती मास्तरांच्या बायकोकडे, बयनाबाईंकडे होती. म्हातारी आत चुलीजवळ बसून घडीला चावी देऊन राहिली होती.

चावीची जुनी घडी. चामड्याचा पट्टा. मास्तरांचं मनगट इतकं बारीक की पट्ट्याला दाभणाने आणखी एक भोक पाडलेलं.

‘चालते का, बाई?’ मी विचारलं.

‘चालन नाई त काय? रोज संध्याकारी ते चावी देत. ते गेले तवापासून मी देतो.’ आमच्याकडे बायाही कधी कधी ‘देतो’ म्हणतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. ‘आज सकारीच देल्ली. संध्याकारी मी देईन का नाई, कोनाले मालूम.’

मी उंबऱ्यावर टेकलो आणि ओसरीतल्या शाली मोजायला घेतल्या.

‘ते शेठ रोज चावी देतीन काजी?’

‘कपाटात ठेवतील, बाई. काचेच्या.’

‘मंग बंद पडन.’ एवढं बोलून तिने घडी कानाला लावली. मास्तर गेले तरी घरात त्यांचा एक आवाज अजून चालू होता, आणि संध्याकाळपर्यंत तो शेठच्या गाडीत बसून जाणार होता. मला वाईट वाटलं.

मी म्हटलं, ‘सुधीरला सांगा ना, घडी देत नाही म्हणून.’

‘पोरानं साऱ्या गावापुढं देतो म्हन्लं. आता मी नाई म्हनू तं त्याचं तोंड कुठं राहीन?’

‘मग तुम्ही स्वतः बोली लावा. घरच्या बाईने बोली लावली की गाव थांबतं. कोणी वर जात नाही.’

‘आपलीच वस्तू आपनच इकत घेऊ? अन् गाव थांबन, शेठ थांबन काजी?’

शेठ थांबणारा माणूस नव्हता.

मी शाली मोजून उठायला लागलो तर तिने विचारलं, ‘भाऊ, एखाद्या वस्तूले बोलीच नाई लागली तं?’

‘तर घरच्याला परत.’

‘अन् एकानंच लावली तं?’

‘एका आवाजाचा लिलाव मी करत नाही. तरी परतच.’

‘हं,’ ती म्हणाली आणि पातेल्यात चहाची पत्ती टाकली. मी चहा घेतला, माल बाहेर काढायला लावला. घडी तिने पदराला पुसून माझ्या हातात दिली. देताना म्हणाली, ‘हातात धरून दाखवान तं मांगच्या बायाइले दिसन नाई, भाऊ. मनगटाले बांधा, अन् हात वर करा.’

मी मनात म्हटलं, वा! काळजावर दगड ठेवून बाई मला धंदा शिकवून राहिली. माझीच पहिली गोष्ट तिने मला सांगितली होती.

दुपारी रंगमंचासमोर लोक बोरे, म्हणजे गोणपाटं, अंथरून बसले. पुढे खुर्चीवर शेठ, शेजारी त्यांचा ड्रायव्हर, बाजूला सुधीर. बायका मागे, त्यांच्यातच बयनाबाई. पेटी विकायची तर वाजवून दाखवली पाहिजे, म्हणून भजनी मंडळाच्या एका गड्याला पेटीवर बसवलं आणि तबल्यावर फागूभाऊ. फागूभाऊ म्हणजे मास्तरांचा जन्माचा तबलजी, नाकावर चष्मा आणि तोंडात एकही दात नाही. पेटी सुरू व्हायच्या आधी बयनाबाई पुढे आल्या, माझ्याकडून घडी मागून घेतली, पेटीच्या कोपऱ्यावर नीट ठेवली आणि परत जाऊन बसल्या.

पेटी छान वाजली. पण मी बघतो तर लोकांचे डोळे पेटीवर नव्हतेच. म्हातारे, बाया, सगळे त्या कोपऱ्यावरच्या घडीकडे टक लावून होते. मी मनात म्हटलं, घडीला आज भाव चढणार. चेहरे वाचायचा माझा एवढ्या वर्षांचा सराव, चूक होईलच कशी?

पेटी भजनी मंडळाने घेतली. शालींवर बायका तुटून पडल्या. पानाच्या डब्याला एका म्हाताऱ्याने असा भाव दिला की लोक हसायला लागले. मी विचारलं, ‘काऊन गा, सोन्याचा आहे का?’ तर म्हणतो, ‘जनमभर मास्तरनं माहा तंबाखू याच डब्यात भरून नेला. माहाच माल हाय, परत नेऊन राहिलो.’ हशा पिकला. असा हसणारा मांडव म्हणजे पुकारणाऱ्याला सण. माझा गळा तापला होता, हात सैल झाला होता. आता घडी.

घडी उचलली. मी चार शब्द बोललो, कोणाची घडी, किती नाटकं पाहिलेली घडी, आणि बोलता बोलता पट्टा डाव्या मनगटाला लावला. मास्तरांचा पट्टा माझ्या धानाच्या पोत्यासारख्या मनगटाला कसा पुरायचा! ओढूनताणून शेवटच्या भोकात अडकवला आणि हात उंच केला.

‘बोला, मास्तरांची घडी!’

फागूभाऊने तबल्याला गवसणी घालायला सुरुवात केली.

मला वाटलं म्हाताऱ्याला लघवीला जायचं असेल. पण समोरच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि त्याने बोरा झटकला. त्याच्या मागचा उठला. मग बाया उठल्या, पदर सावरत, चपला शोधत. धूळ उडाली. बोरे काखेत गेले. मी हात वर धरून उभा आणि अख्खा मांडव माझ्याकडे पाठ करून घराकडे निघालेला!

‘अरे, बसा ना! कुठे चालले? बोली बाकी आहे!’ मी माइकवर ओरडलो.

काही जण थबकले. एकमेकांकडे पाहिलं. एक बाई तोंडाला पदर लावून खुदकन हसली. त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं होतं, माझ्या नाही. पण एकही माणूस परत बसला नाही. उलट आता जरा भराभरच चालायला लागले.

शेठनी मोठा आकडा टाकला. खरंच मोठा. छपराचं टिन सगळं त्यात आलं असतं.

मी विचारलं, ‘दुसरा आवाज?’

रस्त्याने लोकांच्या पाठी चालल्या होत्या.

‘दुसरा आवाज आहे का कोणाचा?’

‘भाऊ, एक दो तीन बोल दो, खतम करो,’ शेठ म्हणाले.

‘एका आवाजाचा लिलाव होत नाही, शेठजी.’

‘तो मेरा ड्रायव्हर बोलेगा ना.’

मला तो मोटरसायकलवाला सासरा आठवला. ‘बोलू द्या. पण ड्रायव्हरला चव लागली तर घडी त्याची, तुम्हाला पायी जावं लागेल.’ ड्रायव्हर खाली बघून हसला आणि शेठचं तोंड लाल झालं. सुधीर जवळ येऊन म्हणाला, ‘काका, द्या ना. टिन येईल. बाबांचंच नाव होईल.’ चुकीचं काही बोलत नव्हता. मलाही ते छप्पर दिसत होतं. पण अट ती अट. सकाळी मी ती एका म्हातारीला तोंडाने सांगितली होती. लिलाव रद्द झाला असं माइकवर पुकारलं. माइकसमोर तेव्हा कोणीच नव्हतं.

शेठची गाडी धूळ उडवत गेली. मी तिथेच पायरीवर बसलो. माझ्या हातून माल परत गेला असं तोवर घडलं नव्हतं, आणि तोही अख्ख्या मांडवाने पाठ फिरवून. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. फागूभाऊ तबला काखोटीला मारून आला आणि दात नसलेल्या तोंडाने हसायला लागला.

‘हसून काय राहिले? असं काऊन केलं लोकांनी?’

‘लोकानं काय केलं? तुमीच केलं. मास्तरची घडी बांधली का नाटक सरलं, भाऊ.’

मग त्याने सांगितलं. वाजवायला बसताना मास्तर घडी काढून पेटीच्या कोपऱ्यावर ठेवत. इकडच्या नाटकात परदा पडला तरी लोक उठत नाहीत, आणखी एक गाणं मागतात, कधी दोन. त्यामुळे परद्यावर कोणी भरवसा ठेवत नसे. लोक मास्तरांची घडी बघत. घडी पेटीवर आहे तोवर अजून गाणं आहे. मास्तरांनी घडी मनगटाला बांधली की संपलं, मग कितीही शिट्ट्या मारा. फागूभाऊने तबला झाकायचा, लोकांनी बोरे झटकायचे. तीन पिढ्यांच्या अंगात ते इतकं मुरलेलं की हात माझा की मास्तरांचा, हे बघायलाही कोणी थांबलं नाही. आणि ज्यांच्या ध्यानात आलं ते मुद्दामच परत बसले नाहीत. कोणाला ती घडी शेठच्या कपाटात जायला हवी होती?

‘गावात हे सगळ्यांना माहीत होतं?’

‘पोराले नसन. थो शिकाले होस्टेलात होता. बाकी नेनत्या लेकराले मालूम हाय.’

मी उठलो. मनगटावर घडी टिकटिक करून राहिली होती, आणि माझ्या कानात सकाळचं वाक्य : मनगटाले बांधा, अन् हात वर करा. अरे देवा!

बयनाबाई ओसरीत बसल्या होत्या. चुलीवर पातेलं. मी हात पुढे केला. पट्टा माझ्या मनगटात रुतला होता, तो तिने नखाने हळू काढला, घडी कानाला लावली, आणि चावी दिली. संध्याकाळ झालीच होती. सुधीर दारात उभा होता. आईचा चेहरा त्याने नीट पाहिला, बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि पाण्याचा हंडा उचलून आत गेला.

मी म्हटलं, ‘माय, सकाळीच सांगायचं होतं ना मला.’

‘सांगतलं असतं तं तुमी बांधली असती काजी?’

मी विचार केला. नसती बांधली. दोन आवाज मिळवून, गळा साफ करून, घडी टेबलावरून विकली असती, आणि चांगला भाव आणला म्हणून घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं.

‘येतो,’ म्हणून मी चपला घालायला लागलो. शेवटची एसटी चुकवायची नव्हती.

बयनाबाईंनी घडी हातात घातली नाही. पेटी गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या पाटावर, कोपऱ्यात, ती नीट ठेवली आणि माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

‘बसा जी,’ म्हणाली. ‘घडी कोनी बांधली नाई आजून.’

मी चपला काढल्या आणि बसलो.